सांधा पक्का आणि कडा स्वच्छ: लाकूड पहिल्यांदा चिकटवणाऱ्यांसाठी

सागाच्या तीन पट्ट्या कडेला कड लावून चिकटवायच्या आणि त्यांचा जेवायला बसायचा पाट करायचा, एवढंच काम या लेखात घेतलं आहे. नव्याने सुतारकाम शिकणाऱ्याला याहून चांगलं पहिलं काम मला तरी सुचत नाही. लाकूड थोडं लागतं, वरचे सांधे दोनच, आणि दोन्ही अगदी नजरेसमोर. चिकटवण्यात कसर राहिली असेल तर ती पहिल्या पावसाळ्यात दिसते. साफसफाईत राहिली असेल तर पॉलिशचा पहिला हात मारल्या मारल्या.

हार्डवेअरच्या दुकानात नवखा माणूस हमखास विचारतो, "सगळ्यात स्ट्राँग कुठला?" तसं विचारून फारसा फायदा नाही. लाकडाच्या उभ्या रेषेला, म्हणजे लांबीत धावणाऱ्या तंतूंना, उभी रेषा लावून नीट चिकटवलेला सांधा साध्या पांढऱ्या गोंदानेही लाकडापेक्षा मजबूत होतो. तो मुद्दाम मोडलात तर सांध्याशेजारचं लाकूड फाटतं, सांधा तसाच राहतो. एवढं झाल्यावर जास्त पैसे देऊन आणखी ताकद विकत घेऊन करायचं काय? सांधे सुटतात ते कडा जुळल्या नव्हत्या म्हणून, पृष्ठभाग तेलकट किंवा धुळकट होता म्हणून, नाहीतर लाकूड फुगून-आकसून त्यांना ओढत राहतं म्हणून.

फेविकॉलच्या डब्यावरचे दोन हत्ती गोळा सरळ दोन बाजूंना ओढतात. घरातल्या सांध्यांवर असा सरळ ताण क्वचितच येतो. खुर्चीत मागे रेललं की सांधा एका टोकाकडून उकलायला लागतो, आणि उकलणाऱ्या ताणापुढे कुठलाही गोंद तितका टिकत नाही. म्हणून खुर्चीच्या पायाला भोकात कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं कोरून काढलेलं टोक, बसवतात, नुसतं चिकटवून भागत नाही. पाटाच्या कडांवर मात्र असा ताण जवळजवळ येत नाही, म्हणून तिथे गोंद एकटा पुरतो.

कुठला गोंद घ्यायचा

घरात वापरायच्या, पाण्यात न भिजणाऱ्या वस्तूला फेविकॉलचा नेहमीचा पांढरा एसएच पुरे. पाट ओल्या फडक्याने पुसला जाणार, कधी त्याच्यावर ताकही सांडणार, म्हणून मी इथे पाणी सोसणारा मरीन घेईन. तो थोडा महाग आहे, पण पाटाला लागतोच किती! सनमायका लावायचा रबरी एसआर लाकडी सांध्याला वापरू नका. तो सुकल्यावरही लवचीक राहतो आणि सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. फेविक्विक उडालेली छोटी चिलपी परत बसवायला ठीक. ॲरल्डाइटसारखी दोन ट्यूबची इपॉक्सी जिथे फट आहेच आणि ती भरून काढायची आहे तिथे, कारण पांढरा गोंद फट भरत नाही. सुकताना त्यातलं पाणी जातं, तो आकसतो आणि फटीत नुसता पापुद्रा उरतो.

१९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आलं. त्याआधीचे सुतार सरस वापरायचे, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला गोंद. तो उकळू न देता साधारण ६० अंशांवर, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून गरम करावा लागतो, आणि त्याचा वास घरात टिकतो. पण ऊब आणि ओलावा दिला की सरसाचा सांधा पुन्हा उघडतो. आजोबांच्या काळातली खुर्ची दुरुस्तीला हातात आली तर आधी हे तपासा. कदाचित तिला पटाशी लावायची गरजच पडणार नाही.

लाकूड आणि त्याच्या कडा

माप असं धरू: लांबी १८ इंच, प्रत्येक पट्टी ५ इंच रुंद, जाडी ६ सूत, म्हणजे पाऊण इंच. वखारीतून आणलेलं लाकूड लगेच कापू नका. काम करायच्या खोलीत दोन-तीन आठवडे, मध्ये बारीक पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचून ठेवा. ८५ टक्के दमट हवेत लाकूड १७-१८ टक्के पाणी धरून बसतं, तर २५ टक्के आर्द्रतेच्या हवेत जेमतेम ५ टक्के. रत्नागिरीचा जुलै आणि नागपूरचा मे यांच्यात हे अंतर आहे. चिकटवताना ८ ते १२ टक्के असेल तर उत्तम. पावसाळ्यात हे जमवणं कठीण, म्हणून घाई नसेल तर हे काम दिवाळीनंतर काढा.

आता कडा. खरं काम इथेच आहे, डबा उघडायच्या आधी. दोन शेजारच्या पट्ट्या पुस्तक मिटल्यासारख्या एकावर एक ठेवा, म्हणजे जुळणाऱ्या कडा एकाच बाजूला येतील, आणि दोन्हींवर एकदमच रंधा मारा. रंधा थोडा तिरका धरला गेला तरी एका कडेचा तिरपेपणा दुसरीच्या उलट पडतो आणि पट्ट्या उघडून जोडल्यावर पाट सपाटच येतो. मग एक पट्टी दुसरीवर उभी ठेवून खिडकीसमोर धरा. उजेडाची रेघ दिसायला नको. दुकानाच्या बिलाचा कागद कुठे आत शिरतो का तेही बघा. टोकांना शिरत असेल तर मधला उंचवटा काढायला हवा. क्लॅम्प आवळून फट मिटेल अशी आशा धरू नका. मिटेलही, पण तो ताण सांध्यात कायमचा राहतो.

मशीनच्या करवतीने कड काळपट भाजली असेल तर ती तशीच चिकटवू नका, रंध्याचे दोन हात मारून ताजं लाकूड उघडं करा. पॉलिश पेपरने घासलेली कड रंधलेल्या कडेइतकी चांगली धरत नाही, कारण भुशाची बारीक पूड छिद्रांत बसते. तोंडाच्या बाजूला, म्हणजे जिथे फळी आडवी कापली जाते तिथे, गोंद नळ्यांतून आत शोषला जातो आणि पृष्ठभागावर काही उरत नाही. तो सांधा नुसत्या गोंदावर सोडायचाच नाही. त्याला कुसू, डॉवेल (लाकडी गोल खुंटी) किंवा स्क्रूची जोड हवीच.

सागाची अडचण त्याच्या तेलाची. बल्लारशाहच्या डेपोतला जुन्या झाडाचा साग घ्या की लागवडीचा, कडेवर पाण्याचा एक थेंब सोडून बघा. थेंब पसरून आत मुरला तर गोंदही मुरेल. गोल होऊन बसून राहिला तर कड ॲसिटोनने पुसायची. पांढऱ्या सुती फडक्यावर पिवळट-तपकिरी डाग यायचे थांबेपर्यंत पुसा. ॲसिटोन उडून गेलं की अर्ध्या तासाच्या आत चिकटवा, कारण आतलं तेल हळूहळू परत वर येतं. थिनरनेही काम होतं, पण स्वस्त थिनरमध्ये काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नसतो. हे करताना खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवाजवळ निरांजन नको.

कोरडी जुळणी, मग गोंद

गोंद न लावता एकदा सगळं क्लॅम्पमध्ये आवळून बघा. कुठला क्लॅम्प कुठे, खाली पट्ट्या कुठल्या, फडकं कुठे, हे ठरलेलं असू द्या. पट्ट्यांवर पेन्सिलने एक मोठा त्रिकोण काढा, म्हणजे गडबडीत पट्टी उलटी लागत नाही. गोंद लावल्यावर तुमच्या हातात पाच ते दहा मिनिटं असतात, मे महिन्यात त्याहून कमी. पंखा बंद करा. नवखे लोक हे विसरतात आणि गोंदावर साय धरते. साय धरलेला गोंद वरून ओला दिसला तरी समोरच्या लाकडात शिरत नाही.

एका सांध्याचं क्षेत्रफळ ८७ चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. त्याला जेमतेम पावणेदोन ग्रॅम गोंद लागतो. दोन्ही कडांवर लावा, जुन्या टूथब्रशने पसरा, आणि गोंदाच्या थराखालून लाकडाचा रंग नुसता जाणवेल इतपत पातळ ठेवा. वरच्या दर्शनी काठापासून अर्धा सूत आत थांबलात तर पुढची निम्मी साफसफाई वाचते. डब्यातला गोंद घट्ट वाटला म्हणून त्यात पाणी ओतायची सवय बऱ्याच जणांना असते. ती लावून घेऊ नका.

कडा जोडून एकमेकींवर इंचभर मागेपुढे सरकवा. आतली हवा निघते आणि गोंद दोन्हीकडे सारखा होतो. मग आवळा. सागासारख्या लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोच्या आसपास दाब सांगतात. आपल्या छोट्या सांध्यासाठीसुद्धा तो एक टनावर जातो! वरून चार विटा किंवा पाटा ठेवून भागेल असं वाटत असेल तर एका विटेचं वजन तीन किलोच्या आसपास असतं, हे लक्षात घ्या. चांगले सॅश क्लॅम्प (लांब लोखंडी पट्टीचे) तीन घ्या, दोन खालून आणि मधला वरून, म्हणजे पाट कमानीसारखा वाकत नाही. जबडा आणि लाकूड यांच्यामध्ये टाकाऊ पट्टी ठेवा. कडा नीट रंधलेल्या असतील तर सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी दाबावरही सांधा छान बसतो. दाबाचं मुख्य काम दोन कडा कागदाच्या जाडीइतक्या जवळ आणण्याचं.

क्लॅम्पची लोखंडी पट्टी ओल्या गोंदाला टेकली तर लाकडावर काळा डाग उमटतो. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड यांचा तो खेळ. बाभूळ, खैर यांत तो जास्त होतो, सागातही होतो. मध्ये पॅकिंग टेप किंवा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. पांढरा गोंद त्याला चिकटतही नाही.

क्लॅम्प आवळत जाताना सांध्याच्या रेषेकडे बघा. दर इंचभराला मोहरीएवढा मणी उगवला की गोंद बरोबर लागला. काहीच वर आलं नाही तर सांधा उपाशी आहे, लगेच उघडून पुन्हा लावा. ओघळ लागले तर हात सैल सुटला होता. सांधा त्याने कमजोर होत नाही, काम तेवढं वाढतं.

वर आलेल्या गोंदाचं काय करायचं

बहुतेक ठिकाणी ओलं फडकं घेऊन लगेच पुसून टाकतात. दिसायला ते स्वच्छ दिसतं, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. सागाची छिद्रं मोठी, वर्षवलयांवर ओळीने. पाण्याने पातळ झालेला गोंद फडक्याने त्या छिद्रांत चोळला जातो, सुकल्यावर पारदर्शक होतो आणि दिसेनासा होतो. मग चपडीचं किंवा दुसरं कुठलं पॉलिश मारलं की सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीचा फिकट पट्टा उमटतो, कारण तिथे लाकूड पॉलिश पीतच नाही. त्यावर आणखी पॉलिश चढवून तो जात नाही.

मणी तसेच राहू द्या. हवेप्रमाणे वीस मिनिटांपासून तासाभरात ते दुधाळ पांढऱ्यावरून काठाशी पारदर्शक व्हायला लागतात. नखाने दाबून बघा. नख ओलं झालं तर अजून लवकर आहे. नखाचा ठसा उमटला आणि नखाला काही लागलं नाही, की हीच वेळ. जुनी पटाशी घ्या, तिची सपाट पाठ लाकडाला टेकवा आणि सांध्याच्या रेषेने सरकवत न्या. सगळा गोंद एक लांब रबरी पट्टी होऊन सुटून येतो, लाकूड ओलं होत नाही आणि छिद्रांत काही जात नाही. क्लॅम्प सोडायचे नाहीत, त्यांच्या आजूबाजूने काम करायचं. आणि खालची बाजू! वरचं काढून माणूस चहा प्यायला जातो आणि खालचे ओघळ दुसऱ्या दिवशी दगड झालेले सापडतात.

ही वेळ चुकली आणि गोंद कडक झाला तर पॉलिश पेपर हातात घेऊ नका. घासल्याने ऊब होते, गोंद मऊ पडतो आणि पेपरवर लेप बसतो. तोवर शेजारचं मऊ लाकूड झिजून तिथे खळगा पडतो. पटाशीने टकटक उडवायला गेलात तर थेंबाबरोबर लाकडाची चिलपीही येते. स्क्रेपर, म्हणजे धार लावलेली पातळ पोलादी पट्टी, थोडी वाकवून ओढा. फारच जाड थेंब असेल तर हीट गनने काही सेकंद ऊब देऊन मऊ करा आणि मग खरवडा. त्यावरून थेट रंधा मारलात तर रंध्याच्या पात्याची धार जाते.

ओलं फडकं कधी वापरावं? जिथे रंग किंवा सनमायका लागणार आहे तिथे बिनधास्त. आतल्या कोपऱ्यांतही कधी कधी दुसरा इलाज नसतो. तेव्हा आधी पातळ पत्ती किंवा खेळायच्या पत्त्यांतलं एक पान फिरवून जेवढा गोंद कोरडाच उचलता येईल तेवढा उचला. मग घट्ट पिळलेलं फडकं रेषेच्या दिशेने फिरवा, फडकं बदला, पुन्हा फिरवा, शेवटी कोरड्याने पुसा. पाणी लागलेल्या जागी लाकडाचे तंतू उभे राहतात, ते सुकल्यावर हलकेच घासावे लागतात.

पेटी, ड्रॉवर असल्या कामात कोपऱ्यासाठी शहाळ्याची जाड स्ट्रॉ उत्तम. तिचं तोंड तिरपं कापा आणि कोपऱ्यात दाबून पुढे ढकला, गोंद नळीत गोळा होत जातो. त्याहून उत्तम म्हणजे आतल्या बाजूंना जोडायच्या आधीच पॉलिश करून घेणं. चिकटायच्या जागांवर तेवढा मास्किंग टेप लावायचा. पॉलिशवर पडलेला गोंद सुकल्यावर नखाने निघतो.

इपॉक्सीचं गणित वेगळं आहे. ती ओली असतानाच ॲसिटोनने पुसावी लागते. एकदा पक्की झाली की खरवडण्याशिवाय मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी

क्लॅम्प रात्रभर राहू द्या. पूर्ण ताकद यायला २४ तास धरा. पण पाटावर रंधा मारायला आणखी एक-दोन दिवस थांबलात तर बरं. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड किंचित फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलंत तर ते आकसल्यावर सांध्याच्या जागी बारीक चर दिसायला लागते. चकचकीत पॉलिशखाली ती उजेडात स्पष्ट कळते.

पॉलिशआधी सगळा पाट १२०, १८०, २२० नंबरच्या पेपरने घासा. मग थिनरचं फडकं फिरवून बाजूने टॉर्चचा उजेड टाका. लाकूड गडद होतं आणि राहिलेला गोंद फिकट ठिपक्यांसारखा उठून दिसतो. तेवढ्या जागा खरवडा, पुन्हा घासा, पुन्हा थिनर फिरवा. या पाच मिनिटांचा कंटाळा करू नका.

भुसा आणि गोंद कालवून फट भरायची पद्धत सगळीकडे आहे. केसाएवढी फट झाकायला ती चालते. पण तो लगदा पॉलिशखाली शेजारच्या लाकडापेक्षा वेगळाच रंग धरतो, आणि त्याने सांध्याची ताकद काडीनेही वाढत नाही.

आता पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या. या पूर्ण लांबीला गोंद लावून बसवायचा मोह होतो. तसं करू नका. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. वर्षवलयांना समांतर चिरलेल्या सागात ओलावा पाच टक्क्यांनी बदलला तर १५ इंच रुंदीचा पाट जवळजवळ चार मिलिमीटर फुगतो किंवा आकसतो, म्हणजे एका सुताहून जास्त. खालची पट्टी मात्र तेवढीच राहते. मग वरचा पाट फाटतो किंवा पट्टी सुटते. पट्टीला मधल्या दोन-तीन इंचांतच गोंद लावा. टोकांना लांबट भोक पाडून स्क्रू बसवा, म्हणजे पाटाला सरकायला जागा राहील.

सांधा तपासायचा असेल तर

पाटाच्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच वेळी, त्याच गोंदाने चिकटवून ठेवा. दोन दिवसांनी एक तुकडा शिकंज्यात धरून दुसऱ्यावर हातोडा मारा. मोडलेल्या जागी दोन्हीकडे लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले तर पाट निश्चिंत वापरा. एका बाजूला गुळगुळीत चकचकीत पापुद्रा आणि दुसरी कोरी असेल तर त्या बाजूला गोंद शिरलाच नाही: तेल, धूळ किंवा धरलेली साय. दोन्हीकडे जाड पापुद्रा दिसला तर कडा जुळल्या नव्हत्या. पांढरी खडूसारखी पूड दिसली तर चिकटवताना फार थंडी होती. महाबळेश्वरच्या डिसेंबरात किंवा परदेशातल्या बिनहीटरच्या गॅरेजमध्ये हे होऊ शकतं. तिथे गोंद आणि लाकूड दोन्ही आधी घरात आणून ठेवावं.

वापरातला सांधा सुटला तर वरून नवा गोंद ओतून पुन्हा आवळू नका. सुकलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. अर्धवट सुटलेला सांधा इस्त्रीच्या उबेने मऊ करा आणि फटीत पांढरं व्हिनेगर सोडत सोडत पूर्ण उघडा. जुना पापुद्रा खरवडा, कड पाण्याने पुसून नीट सुकू द्या, आणि रंध्याचे एक-दोन हात मारून लाकूड उघडं करा. पाटाची रुंदी केसभर कमी होईल, चालेल. रंधायला जागाच नसेल, जसं खुर्चीच्या भोकात सैल झालेल्या कुसूला नसते, तर तिथे इपॉक्सी लावा आणि भोकाच्या तोंडाभोवती आधीच मास्किंग टेप चिकटवून घ्या.